बिनपडद्याचं वाद्य

कोल्हापूर,
ता. ४ सप्टेंबर २०२५

चि. खिजर यास रोशनआपाची दुवा. वि. वि.

आम्ही सगळी धड हाय. तू बी धडच असशील, त्याशिवाय असली अवदसा आठवायची न्हाय.

फोनवर तुझं नाव निघालं की अब्बा ताट सारून उठतात, आणि आपलं घर काय राजवाडा न्हाय, की मी लांबच्या दालनात जाऊन बोलेन. म्हणून कागदावर लिहिते. माझी मेहक फोटो काढून धाडेल.

तुझ्या खानावळीत जेवणारी ती शिरोळची डॉक्टरकीची पोरगी, संयोगिता, काल येऊन तुझं वाद्य देऊन गेली. पिशवीतून काढलं तर मला आधी बिर्याणीचा डाव वाटला. तीन तारा आणि पडदा एक बी न्हाय! अरे, मिरज इथनं तासाभरावर, जन्मभर सतारी बघितल्यास, आणि तिकडं बिश्केकात जाऊन अर्धवट माल गळ्यात बांधून घेतलास व्हय? म्हटलं मिरजेला नेऊन पडदे बांधून घेते, तर मेहक माझ्यावर ओरडली.

अब्बांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तू कापूस पिंजायचं मशीन आणलंस, त्यांचं हातानं चालवायचं, धनुष्यासारखं पिंजण माळ्यावर टाकलंस, त्या दिवसापासनं त्यांना पोरगाच न्हाय. मशीन आणणारा पळाला परदेशात फोडण्या द्यायला, आणि चालवते कोण? ही रोशनबी. शाब्बास.

शेंगदाण्याची चटणी पाहिजे असली तर संयोगिताबरोबर देते. माया हाय तेवढी हाय, तिच्यावर शेफारू नको.

तुझी,
रोशनआपा

०

बिश्केक,
ता. ११ सप्टेंबर २०२५

आदरणीय रोशनआपा हिस खिजरचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा आवाज एवढ्या लांब कागदातनंसुद्धा ऐकू येतो, शेजारच्या खोलीतली पोरं दचकली.

ते कोमुझ आहे. किरगिझ लोकांचं हे घरोघरी असतं. जर्दाळूच्या एकाच लाकडातनं कोरून काढतात आणि त्याला पडदे नसतातच. इथली म्हातारी गुलनारा मला शिकवते. तिला सगळे आपा म्हणतात, इथं वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणायची रीत आहे. तुझ्यासारखीच बोलते, फक्त मला कळत नाही, म्हणून बरी वाटते. ती वाजवता वाजवता ते खांद्यावर घेते, उलटं धरते, हात हवेत फिरवते, तरी सूर तुटत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं दुकान आठवलं. अब्बा पिंजणाच्या तातीवर दांडका मारायचे आणि कापूस उडायचा, तसाच तो घुमारा. म्हणून तर त्यांना धाडलं.

आता खरं सांगतो. खानावळीचा मालक आणखी दोन वर्षांच्या करारावर सही मागतोय, या महिनाअखेरीस. अब्बा एकदा जरी ये म्हणाले, तरी मी सही न करता निघेन. नाही म्हणाले तर इथंच बरा. आपा, तू विचारून बघ ना. पण ओरडून नको.

चटणी धाड. तुझा राग असाच माझ्या वाटणीला येत राहो, दुसऱ्याला देऊ नकोस.

तुझा,
खिजर

०

कोल्हापूर,
ता. १७ सप्टेंबर २०२५

चि. खिजर यास दुवा. वि. वि.

विचारलं. ओरडले न्हाय, साखरेसारखं विचारलं. अब्बा म्हणाले कोण खिजर, आणि सुपारी कातरत बसले. झालं समाधान?

ती गुलनारा माझ्यासारखी बोलते म्हणे. म्हातारी म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचंस.

पण एक झालं. सांजच्याला मी गाद्यांना टाके घालत होते, तर म्हातारा खुंटीवरच्या त्या डावाजवळ गेला. नखानं तार दाबली आणि तोंड असं केलं, जसं काय मी कडू काकडी वाढली. मला न्हाय, मेहकला सांगितलं, की ही मासे धरायची दोरी हाय, कुणी गाढवानं लावली. म्हणजे गाढव आठवतंय, फक्त नाव आठवत न्हाय.

जीव थाऱ्यावर ठेव, सही करायची घाई करू नको.

रोशनआपा

०

बिश्केक,
ता. २३ सप्टेंबर २०२५

आदरणीय आपा हिस सलाम. वि. वि.

अब्बांनी बरोबर ओळखलं, ती मासेमारीचीच दोरी आहे. गुलनाराआपा सांगते, तिच्या आजाच्या वेळी मेंढीच्या आतड्याची तात असायची, आता ही सोपी पडते म्हणून. अब्बांना एवढं सांग.

मालकानं करार माझ्या उशाशी आणून ठेवलाय. तीस तारखेला सही. तुझं पत्र त्याआधी आलं नाही, तर मी समजेन काय समजायचं ते. मला तुझा राग नाही आपा, अब्बांचाही नाही.

इतक्या दूरनं फक्त सलामच करता येतो, तो घे.

खिजर

०

कोल्हापूर,
ता. २७ सप्टेंबर २०२५

चि. खिजर यास दुवा. वि. वि.

तुझं वाद्य मोडलं. आधी रडून घे, मग पुढचं वाच.

तात म्हटल्याबरोबर म्हातारा उठला. माळ्यावरनं पिंजण काढलं, तीन वर्षांची धूळ माझ्या धुतलेल्या चादरींवर झटकली, आणि त्याची तात सोडवून घेतली. ती केवढी जाड! वाद्याच्या खुंटीच्या भोकात जाईना, तर त्याच्या मानेलाच गाठ मारली आणि ताणली, पिंजणाला ताणतात तशी. बोटानं छेडली तर असा घुमारा निघाला, की मशीन बंद करून मी बी उभी राहिले. तेवढ्यावर थांबेल तो आपला बाप मौलाली पिंजारी कसला. दांडका घेतला आणि हाणला. तुझं जर्दाळू वरपासनं खालपर्यंत उभं फाटलं.

मला वाटलं आता घाबरतील. कसलं काय! डोळ्यांत पाणी येईस्तवर हसले. मग म्हणाले, त्या खिजऱ्याला कळव, असलं नाजूक सामान दुसऱ्याच्या हाती धाडतात व्हय, दुसरं घेऊन स्वतः यायला सांग. मेहकनं ऐकलंय, शंका असेल तर तिला विचार. नाव घेतलं, खिजऱ्या म्हणून घेतलं, पण घेतलं.

मशीनला अजून शिव्याच देतात. तो वाद तू येऊन घाल, मला गाद्या शिवायच्या हायत.

तात पिंजणाला परत चढवायची म्हटलं तर दोन माणसं लागतात, एकानं कमान दाबायची, एकानं ओढायची. अब्बांनी मला हाक मारली. मी सांगितलं, माझ्या हाताला जोर न्हाय. कापसाचे गठ्ठे रोज मीच उचलते, हे त्यांना दिसतंय. तरी त्यांनी पिंजण भिंतीला टेकवून ठेवलंय तसंच, दुसरा माणूस येईस्तवर.

पत्राच्या शेवटी ‘माया ठेव’ लिहितात, तू ठेवू नको, घेऊन ये.

तुझी,
रोशनआपा