वेतवालीच्या भावाचा हिस्सा

मी, खुर्च्या विणणारी, जिला सगळी गल्ली वेतवाली म्हणते, हे मृत्युपत्र वकीलसाहेबांना सांगून लिहवून घेत आहे. पाच वर्षांची असताना गोवराने माझे डोळे नेले. बुद्धी शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. हृदय थकले आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मात्र एका जागी बसवत नाही. मी सारख्या येरझारा घालते म्हणून वकीलसाहेब वैतागले आहेत. वैतागावे, पण लिहावे. आधीची दोन मृत्युपत्रे मी फाडली. ती रद्द समजावीत.

एक. दुकान, वेत भिजवायचा हौद, सुऱ्या, टोचे आणि शिल्लक माल माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलीला द्यावा. तिलाही दिसत नाही. तिची जीभ सुरीहून धारदार आहे, तेव्हा गिऱ्हाइकांनी घासाघीस जपून करावी.

दोन. माझे दफन आमच्या चर्चच्या पाळकबाईंच्या कबरीशेजारी करावे. मला माणसांत आणले ते त्यांनी. आमच्या घरी कोणी आले की वडील मला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत. आई वारल्यावर तर मी तिथेच राहू लागले. मोठ्या भावाच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले, तेव्हा मी दाराला कान लावून होते. कोणीतरी विचारले, "भावंडं किती?" भाऊ म्हणाला, "मी एकटाच."

वडिलांच्या कडीने लागले नव्हते इतके ते मला लागले. पाहुणे गेले, दार उघडले आणि मी जी निघाले ती भिंती चाचपत, गाण्याच्या आवाजामागे. चर्चमध्ये गीतांचा सराव चालू होता. पाळकबाईंनी विचारले, "कोणाची गं तू?" मी म्हटले, "कोणाची नाही." त्या म्हणाल्या, "बरं. मग आधी जेव."

मंडळीने माझ्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली. एका पाहुण्या उपदेशकाने डोक्यावर हात ठेवून घाम गाळला, आणि मला काही दिसेना तेव्हा म्हणाला, "पोरीचा विश्वास कमी पडतो." मी प्रार्थनाच सोडली. पाळकबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळे मागून झाले. आता दुसरं काही माग. आणि मागताना रिकामी बसू नको, हा वेत धर."

मी चिडून प्रभूकडे मागितले, "मला कोणाच्या दारात हात पसरायला लावू नकोस." ते त्याने ऐकले. विणता विणता बोटे सोलून निघाली, पण वेताची पट्टी सरळ बसू लागली. काळोख तसाच राहिला. फक्त त्यात मी एकटी नाही, हे कळू लागले. पुढे दुकान घेतले, वर घर बांधले.

तीन. माझे ब्रेलमधले पवित्र शास्त्र, कपाटभर आहे, चर्चला द्यावे. ज्या पानांवरचे ठिपके झिजलेत, तिथे मी प्रभूशी भांडले आहे.

चार. घर. इथेच आधीची दोन मृत्युपत्रे फाटली. भाऊ गेल्या महिन्यात दारात आला. बायको गेली, मुलांनी हात वर केले. मी त्याला आत घेतले, पण 'भावाला कवडीही देऊ नये' असे दोन्ही वेळा लिहवले. मग प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द फुटेना. प्रभूला म्हटले, "तूच कर माफ, तुला जमतं." हे मात्र त्याने ऐकले नाही.

आज सकाळी भाऊ चहा गाळत होता, तेव्हा विचारलेच, "एकटाच का म्हणालास?"

त्याने गाळणी खाली ठेवली. मग म्हणाला, "सोयरीक मोडेल म्हणून. तू दाराआड आहेस, हे ठाऊक होतं मला."

खोटे बोलला असता तर हाकलता आले असते.

तर भावाने हयात असेपर्यंत या घरात राहावे, आणि त्याला कोणी उठवू नये. त्याच्यामागे घरही माझ्या हाताखालच्या त्या मुलीचे.

वकीलसाहेबांनी विचारले, "'भावाला माफ केले आहे' असं घालू?"

मी म्हटले, "नको. 'करीत आहे' असं घाला. रोज सकाळी नव्याने करावं लागतं."

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून अंगठा उठवते.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही)
साक्षीदार: चर्चच्या गायनमंडळाच्या प्रमुख (सही)
स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: रविवार, उपासनेनंतर
वेतवाली (डाव्या हाताचा अंगठा)