वर्दीत वाकायचं नसतं

गोंदिया, २९ ऑक्टोबर १९५४

परेड. तासभर नुसतं सावधान. परेड शिकवणाऱ्या उस्तादांनी माझ्या पाठीला छडी लावून पाहिली, मधे फट दिसली नाही. म्हणाले, "साहब सामने हो तो गर्दन सीधी, नजर सीधी. वर्दी में झुकना नहीं, सिर्फ सॅल्यूट. समझे?" समझे. नागपूरच्या कॅम्पसाठी शाळेतून चार कॅडेट निवडले, त्यात मी! वर्तणुकीच्या दाखल्यावर गावच्या सरपंचाची सही तेवढी आणायची. बाचा निरोप आलाय, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला वर्दी घालूनच ये, लोकांना पाहू दे.

३१ ऑक्टो., गाव

आमगाव स्टेशनवरून चालत आलो. वेशीपाशी बूट पुन्हा पुसले. मंडईत सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर मालक, गावचे जुने जमीनदार. मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली, आता तेच सरपंच. त्यांच्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, कमरेत वाकायचं. बा तसाच गेला. मागून मी. टाचा जोडल्या, कडक सॅल्यूट, नजर थेट. वाटलं, खूष होतील. याहून मोठा मान आम्ही कॅडेट कुणालाच देत नाही. गाढव मी.

"काऊन बे, माया डोळ्यात पाहून राहिलास?"

दंडार नाचणाऱ्यांचा ढोल थांबला. बा माझ्याकडे न बघता पुढे निघून गेला.

१ नोव्हें.

साध्या कपड्यांत सही मागायला गेलो. मालक म्हणाले, "वर्दी घालून ये. बूट बाहेर ठेव, पाया पड, मंग सही." उस्तादांचा नियम सांगितला. "तो उस्ताद या गावचा आहे का?" सगळे हसले. आलो परत.

बा जेवला नाही. "दोन मिनिटाचं काम हाय. तुयी काय कंबर मोडते?"

मी म्हटलं, "तुयी त मोडली ना, बा!"

बोलायला नको होतं. बोललो.

२ नोव्हें.

सकाळी बा धान कापायला गेलाच नाही. दुपारी आला तो कागद घेऊन. सही, शिक्का. धोतराला गुडघ्यांवर ओलं शेण. मालकांचं अंगण आजच सारवलेलं असणार.

"कोन पडला पाया?"

"मी पडलो. तुये कपडे सरकारी हायेत, खराब झाले असते."

बाचा राग आला, मालकांचा आला. पण सही दिसल्याबरोबर आधी मला आनंद झाला होता. हे इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही. लाज वाटते.

५ नोव्हें., गोंदिया

परेड. उस्तादांनी मला रांगेतून पुढे काढलं, उभं केलं, बाकीच्यांना दाखवलं. "देखो, मर्द ऐसे खड़ा होता है." सगळे माझी पाठ बघत होते. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं.

कागद उद्या अकराच्या आत द्यायचा, नाहीतर माझ्या जागी पाचव्याचा नंबर. तो रोज विचारतो, दिलास का? घरी आईने कॅम्पसाठी पोहे कांडायला घेतलेत. बा गावभर सांगत असेल, पोरगा नागपूरला चालला.

दोनदा उस्तादांच्या खोलीपर्यंत जाऊन आलो. कागद दिला तर बा वाकला त्या जोरावर मी कॅम्पला जाणार. फाडला तर बा फुकटच वाकला.