वरच्या पायरीवर दहापर्यंत

प्रिय मामांना, तुमच्या थोरल्या भाच्याचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला, की मामींनी त्यालाही घरातलाच मानून ठेवून घेतला? इकडे तुमची सून आणि दोन्ही मुली ठीक. मीही ठीक म्हटलं असतं, पण ते खोटं होईल (खोट्याचा विषय पुढे आहेच). हे पत्र मी उभ्याने लिहितो आहे, कारण बसता येत नाही. तुम्ही मात्र बसून वाचा आणि पत्र संपेपर्यंत कुठेही उंचावर चढू नका. का ते कळेल.

शिड्यांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. नियम असा की शिडीवर चढायचं, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, वरच्या पायरीवर उभं राहून दहापर्यंत मोजायचं, उतरायचं आणि मग सही करून 'तपासली' असं लेबल चिकटवायचं. (नियम लिहिणारा माणूस बहुतेक सडपातळ असावा.) आमची वहिवाट मात्र अशी की सकाळी चहा घेता घेता दिवसभराच्या लेबलांवर सह्या उरकून घ्यायच्या. शिडीच्या अजून नळ्या कापायच्या असायच्या आणि तिच्या मजबुतीची ग्वाही माझ्या खिशात तयार. अकरा वर्षांत मी एकाही शिडीवर चढलो नाही, मामा. घरचा पंखासुद्धा तुमची सूनच पुसते.

महिन्यापूर्वी रविवारच्या शाळेत मुलांना मी अरुंद दरवाजाचा धडा शिकवला. रंगात येऊन सांगितलं की रुंद वाट सोपी असते, सगळे तिकडूनच जातात, आपण जायचं नाही. (लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.) शेवटी एका रंगाऱ्याच्या मुलीने प्रार्थना केली की, हे प्रभू, आमचे सर सगळ्या शिड्यांवर आधी स्वतः चढून बघतात म्हणून माझे पप्पा पडत नाहीत, सरांचे पाय दुखू देऊ नकोस. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, करतो काय. घरी आलो तर घास घशाखाली उतरेना, आणि माझा घास उतरत नाही म्हटल्यावर तुमच्या सुनेने थेट डॉक्टरांना फोन लावला.

सोमवारी लेबलं कोरी ठेवून पहिल्या शिडीवर चढलो. सातव्या आकड्याला डोळे मिटले, दहा कसे झाले ते प्रभूलाच माहीत. दिवसाला साठ शिड्या जायच्या त्या अठरावर आल्या. पॅकिंगवाले चिडले, गाडीवाले खोळंबले. शेजारच्या टेबलावरचा शिट्टी (दिवसभर वाजवतो म्हणून हे नाव) म्हणाला, "स्वर्गातच जायचंय तर परत परत उतरतोस कशाला?" हसू मलाही आलं. पण मग डबा खायला माझ्याजवळ कोणी बसेना, तेव्हा फार वाईट वाटलं. अकरा वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घातलेली माणसं हो.

मग साहेबांनी बोलावलं. वाटलं, आता नारळ मिळणार. तर उलट खुर्ची दिली आणि म्हणाले, तुम्हाला मुख्य तपासनीस करतो, चढायचं काही नाही, नुसती सही करायची. मामा, तुमच्यापासून काय लपवू, तोंडाला पाणी सुटलं. त्या खुर्चीला हात टेकायचीसुद्धा सोय होती. 'उद्या सांगतो' म्हणून सटकलो. घरी प्रार्थनेला बसलो, पण गुडघे इतके ठणकत होते की निम्मी प्रार्थना त्यांच्यातच गेली. सकाळी जाऊन 'नको' म्हणालो. आवाज असा बारीक निघाला की साहेबांनी 'काय?' विचारलं, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. एकदा धीर धरता येतो, लगेच दुसऱ्यांदा फार जड जातं.

त्याच दुपारी तेराव्या शिडीची चौथी पायरी माझ्यासकट खाली आली. शिट्टीनेच धावत येऊन मला उठवलं. मग पायरी हातात घेऊन पाहिली तर एका बाजूला पायरी नळीला जोडणारा रिव्हेटच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच तीन शिड्या चढला. (वरून कॅन्टीनमध्ये काय शिजतंय ते दिसतं म्हणे.) साहेब मात्र अजून घुश्शात आहेत. शुक्रवारी मला मोठ्या साहेबांपुढे उभं करणार आहेत. तिथे मी जुन्या लेबलांचंही सांगणार आहे. नोकरी राहते की जाते, बघायचं. तुमची सून म्हणते, गेली तर मिळून काहीतरी करू, पण आता माघार घेतलीत तर माझ्याशी गाठ आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा.

तुमचा,
भाचा

ता. क. मी पडलो हे आईला कळवू नका. ती आधी शिडीला लागलं का ते विचारेल.

आणखी एक ता. क. ज्याच्यासाठी हे सगळं पुराण लावलं ते आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी तुमच्या चर्चला मी जी शिडी भेट दिली, जिच्यावर चढून तुम्ही बल्ब बदलता, तिच्यावरची सही माझी आहे. चहाच्या वेळची. पाळकसाहेबांनी तेव्हा माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या आणि मी मान खाली घालून नम्रपणा केला होता. या आठवड्यात वरची खिडकी पुसणार असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून मला चैन नाही. दोनदा फोन केला, पण तुमचा आवाज ऐकला की हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून हे पत्र तुमच्या दारावरून जाणाऱ्या आमच्या गाडीवाल्याच्या हाती देतो आहे. मामा, हात जोडतो, चढू नका. शनिवारी पहिल्या गाडीने मी येतो. सगळ्यांदेखत, पाळकसाहेबांदेखत, आधी मी चढेन. तुम्ही खालून धरा आणि आकडे मोठ्याने म्हणा, मी मधले गाळतो.

शेवटचा ता. क. तोवर बल्ब गेलाच तर गीतं अंधारात म्हणा. तुम्हाला सगळी पाठ आहेत.