गुहेतील हत्ती नाहीसा झाल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
चित्रगुहा व नैसर्गिक शिळा जतन कार्यालय,
तिकीट खिडकीच्या मागची खोली, टेकडीचा पायथा.

विषय: सासूबाईंनी गुहेतील हत्ती नाहीसा केल्याच्या आरोपाचा खुलासा व त्यांना पुन्हा एकवार प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ: ‘संरक्षित नैसर्गिक हत्तीच्या स्वरूपास बाधा आणल्याबद्दल’ आपल्या कार्यालयाची नोटीस.

महोदय,

१. सदर नोटिशीत ‘चष्मेवाली वृद्ध महिला’ असा ज्यांचा उल्लेख आहे, त्यांची अर्जदार ही थोरली सून असून शिवणकाम करते. खुलासा सासूबाई स्वतःच लिहिणार होत्या. परंतु त्यांच्या मसुद्यात आपणांस उद्देशून आलेले काही शब्द कार्यालयीन पत्रव्यवहारात बसणारे नसल्याने हे काम अर्जदाराने अंगावर घेतले आहे.

२. हकीकत अशी की, सासूबाईंची नजर झपाट्याने अधू होत आहे. डॉक्टरांनी “जे पाहायचं ते आत्ताच पाहून घ्या” असे सांगितल्यावर त्यांनी सगळे नातेवाईक बाजूला सारून आपल्या गुहेची निवड केली. आदिमानवाने गेरूने काढलेली हरणे, त्यांच्यामागे भाले घेऊन धावणारी माणसे आणि भिंतीवर उमटवलेले पंजे पाहून त्या हरखून गेल्या. ‘भिंतीवर काहीही काढू नये’ ही आपली पाटी वाचून त्यांनी मार्गदर्शकांना विचारले, “मग यांनी कुणाची परवानगी घेतली होती?” मार्गदर्शकांनी “ऑफिसात विचारा” असे उत्तर दिले. इथवर कोणाचीच काही तक्रार नाही.

३. पुढील दालनात पाण्याने झिजून आकार आलेल्या शिळा आहेत. मार्गदर्शकांनी सर्वांत मोठ्या शिळेवर बॅटरीचा झोत टाकून “हा बसलेला हत्ती” असे सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. सासूबाई मात्र चष्मा पुसून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “कसला हत्ती! हे तर आमचे भाऊजी. जेवून आडवे झालेत.”

भाऊजी म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर. ते शेजारच्याच घरात राहतात, पण सामाईक भिंतीत खिडकी पाडण्यावरून दोन्ही घरांत कित्येक वर्षे बोलणे नाही. सासूबाईंनी बोटाने दाखवले: हे पोट, हा उशाला घेतलेला हात, हे उघडे राहिलेले तोंड. दालनात एकच हशा पिकला. ज्यांनी भाऊजींना जन्मात पाहिले नव्हते त्यांनाही ते लख्ख दिसू लागले. खुद्द मार्गदर्शक सोंड शोधू लागले, ती काही केल्या सापडेना.

४. तेव्हापासून हत्ती कोणासच दिसत नाही, हे आपले म्हणणे अर्जदारास मान्य आहे. परंतु त्यावर कार्यालयाने योजलेल्या उपायांनी हत्ती परत येण्याऐवजी आणखी लांब गेला, हे नम्रपणे निदर्शनास आणावेसे वाटते. सोंड दाखवणारा बाण लावल्यावर लोक “भाऊजींच्या कोपराला काय झालं?” असे विचारू लागले. चौकशी समितीने तर “बहुमताने हत्ती दिसला, तथापि तो घोरत असल्याचा भास झाला” असा अहवाल दिला आहे. त्यानंतर सासूबाईंनी ‘मला हत्तीच दिसला’ असे हमीपत्र द्यावे, तोवर त्यांना प्रवेश बंद, असा आपला आदेश निघाला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी आजवर काही पाहिलं नाही. आता डोळे जायच्या वेळी कशाला सुरुवात करू?”

५. ही वार्ता भाऊजींच्या कानी गेली. ते अंगणातूनच ओरडले, “वहिनी, जिवंतपणी माझा दगड केलात!” आणि ती शिळा झाकून टाकावी अशी तक्रार देण्यासाठी तडक आपल्याकडे आले. तक्रारीआधी शिळा पाहून घ्यावी म्हणून ते आत गेले. त्यांना बराच वेळ उभे पाहून मार्गदर्शकांनी बसायला स्टूल दिले, असे समजते. तक्रार न देताच ते परतले, ते थेट आमच्या स्वयंपाकघरात. सासूबाईंनी तोंड फिरवले. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तो मी नाही. मी कुशीवर झोपतो. असा उताणा, उशाला हात घेऊन कोण झोपायचं? तो दादा आहे.”

दादा म्हणजे अर्जदाराचे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा घरात एकच फोटो आहे, तो कोट घालून ताठ उभे असलेला. झोपलेल्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही. सासूबाईंनी उठून भाऊजींसमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

६. आता सासूबाई अर्जदारास पावलांच्या आवाजावरून ओळखतात. दररोज “मला परत कधी नेतेस?” म्हणून विचारतात. काल त्यांनी अर्जदारास शिलाई मशीनवरून उठवले आणि सांगितले, “लिही ते हमीपत्र. हत्ती म्हणाले तर हत्ती, उंट म्हणाले तर उंट. मी सही करते.” या बाईंनी उभ्या आयुष्यात कोणापुढे माघार घेतल्याचे आमच्या घरात कोणास आठवत नाही. म्हणून अर्जदाराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. हमीपत्र सोबत जोडले आहे. ते खोटे आहे, याची कृपया नोंद न घेता ते स्वीकारावे.

७. तरी विनंती की, सासूबाईंना एकदा आत सोडावे. भाऊजी त्यांचा हात धरून येतील. मार्गदर्शकांनी त्या वेळी कोणतीही माहिती सांगू नये. आणि तोवर नजर पुरतीच गेली असेल, तर ‘शिळांना स्पर्श करू नये’ या नियमातून त्यांना घटकाभर सूट मिळावी. हत्तीस त्याने काही इजा होणार नाही.

आपल्या परवानगीकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
उपरोक्त सासूबाईंची थोरली सून

दिनांक: खुलाशाच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत: १) हत्ती दिसल्याचे हमीपत्र. सही ओळ सोडून खाली गेली आहे, ती सासूबाईंचीच समजावी.
२) डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.