तुम्ही मधेच उठलात तेव्हा

सर, माझं गाणं चालू असताना तुम्ही उठून गेलात, याचा राग मी एवढी वर्षं मनात धरला होता. परवा तो एकाएकी गेला आणि तेव्हापासून मला चैन नाही.

कृषी विद्यापीठात तुम्ही आम्हाला माती शिकवायचात आणि तास संपले की प्रयोगशाळेमागच्या खोलीत आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम घ्यायचात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, प्रत्येक हॉस्टेलात कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असायचं. आमच्यात गाणारी मुलगी मी एकटीच. सिनेमातली गाणी हुबेहूब म्हणायचे, टाळ्या पडायच्या. एकदा तालमीत तुम्ही पेटी बंद केलीत आणि म्हणालात, "कॅसेट छान वाजली. आता तू गा." मी रडत खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ढोलकीवाल्यानं, पाथर्डीकडच्या त्या मुलानं, स्वतः लिहिलेलं गाणं माझ्यापुढं ठेवलं. दिवाळी झाली की त्याची आई ऊसतोडीला जायची, त्यावरचं. चाल तुम्ही लावलीत. गॅदरिंगला मी ते म्हणते आहे आणि मागून पोरं शिट्ट्या मारताहेत, त्यांना सिनेमातलं हवंय. माझा आवाज फाटतो. आधारासाठी पहिल्या रांगेत तुमच्याकडे बघते, तर तुम्ही उठता आणि पाठ फिरवून चालू लागता. मी मान खाली घालून गाणं कसंबसं पुरं केलं, पण पुन्हा कधी स्टेजवर चढले नाही. लगेच सुट्टी लागली. मी केडगावला घरी असतानाच तुम्ही हार्ट अटॅकनं गेल्याचं कळलं. विचारायचं राहून गेलं.

परवा संगमनेरला एका लग्नात तो ढोलकीवाला भेटला. बोलता बोलता मी ही जुनी तक्रार काढली. त्यानं उलट मलाच विचारलं,

"सर कुठं गेल्ते? मागं त्या पोरांत जाऊन बसले हुते की. शिट्ट्या कशामुळं थांबल्या मग?"

शिट्ट्या थांबल्या होत्या, हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. तेव्हापासून मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते: तुमच्यावर रागावणं सोपं होतं, सर. आता न गायला माझ्याकडे काही कारणच उरलं नाही, आणि मला भीती वाटते आहे.