आंब्याच्या पेटीतली म्हातारी

शनिवार पेठ, पुणे
मे महिना (कॅलेंडरातल्या तारखेवर सुशीलेने दुधाचा खाडा मांडला आहे, त्यामुळे ती दिसत नाही)

तीर्थरूप यमुनाताईस,

धाकट्या गोपाळकृष्णाचा वाकून नमस्कार (कंबर पूर्ण वाकू देत नाही, उरलेला नमस्कार तू धरून घे). तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू उजव्याची तक्रार केली होतीस आणि त्याआधीच्या पत्रात डाव्याची, तेव्हा नक्की चौकशी कुणाची करावी ते कळवावे. कराडला ऊन फार आहे असं ऐकतो. सुशीला मजेत आहे. मीही मजेत आहे असं तिचं मत आहे.

विशेष म्हणजे आनंद आणि सूनबाई निकिता यांनी संस्कृतीला सुट्टीभर आमच्याकडे धाडली आहे. बंगळूरच्या शाळेत तिला मराठी नाही, म्हणून निकिताने स्टेशनवरच मला बजावलं, "बाबा, हिला मराठी वाचायची गोडी लावाच तुम्ही." मी छाती पुढे काढून "हात्तिच्या!" म्हणालो. (हे मी म्हणायला नको होतं, असं सुशीलेने रिक्षात बसल्यावर सांगितलं. रिक्षावाल्यालाही तसंच वाटलं.)

पण ताई, तुला खरं सांगतो, निकिताने सांगितलं नसतं तरी मला ते हवंच होतं. पोर बंगळूरला परतली की आमचं बोलणं फोनवर "आबा, जेवलात?" आणि "जेवलो, तू?" याच्या पुढे सरकत नाही. मी बोलण्यात कच्चा, पत्रात पक्का. आणि माझी पत्रं वाचणारं माणूस जगात तू एकटी उरली आहेस. आनंदला लिहिलं तर तो म्हणतो, फोटो काढून ग्रुपवर टाका, आणि टाकला की वाचण्याऐवजी अंगठा दाखवतो. या नातीला मला पत्रं लिहायची आहेत. ती तिने वाचायला हवीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग काय, मी कामाला लागलो. पहिल्याच दिवशी फ्रीजवर वेळापत्रक लावलं, वाचनालयाचं सभासदत्व घेतलं आणि नियम केला की प्रत्येक पुस्तकाखाली पाच ओळींत सारांश लिहायचा. पोरीने कपाटातलं सगळ्यात बारीक पुस्तक उचललं आणि सारांश लिहिला तो असा: "हे पुस्तक आहे. त्यात चित्रं आहेत. कागद गुळगुळीत आहे. किंमत मागे आहे. संपलं." ओळी मोजून पाच. हरकत घ्यायला जागा नाही. सुशीला म्हणाली, शोभते तुमची नात.

मग मी घरात सामुदायिक वाचनाचा तास सुरू केला. दुपारी सगळ्यांनी आपापलं पुस्तक घेऊन बसायचं. त्यात मी पोटावर पुस्तक ठेवून घोरत असल्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला (तो तू पाहिलास हे मला ठाऊक आहे, कारण सगळ्यात पहिलं हसू तुझंच होतं). त्यानंतर स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. राजाचा आवाज, राक्षसाचा आवाज, सगळं साग्रसंगीत. राक्षस गुहेतून बाहेर पडला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मथुराबाई ओव्याचा अर्क घेऊन वर आल्या. "भाऊ, पोटात कळ आली का हो?" पोर हसून हसून गडाबडा लोळली. पुस्तक तिथेच मिटलं. त्या दिवशी मात्र मला आतून वाईट वाटलं, ताई. मी हरलो होतो.

आता आंब्यांकडे येतो. तू म्हणशील मध्येच आंबे कुठून आले. मार्केट यार्डातून आले. दरवर्षीसारखी एक पेटी आणली, आतल्या पेंढ्यातच दिवाणाखाली अढी घातली, आणि रोज सकाळी आंबे उलटेपालटे करून पिकलेले वेचायचं काम संस्कृतीकडे दिलं. एके दिवशी ती दिवाणाखाली गेली ती बाहेरच येईना. मी वाकून (म्हणजे कंबर वाकते तितपत) पाहिलं, तर पोरगी पालथी पडलेली, पेटीच्या तळाला घातलेला कागद पुढ्यात, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतेय!

कागद मुलांच्या कुठल्याशा जुन्या मासिकाचा होता. गोष्ट अशी, की घाटात एसटी बंद पडते. प्रवासी खाली उतरतात. कंडक्टर माणसं मोजतो, तर तिकिटांपेक्षा एक माणूस जास्त भरतं. तो पुन्हा मोजतो, तरी एक जास्तच. मधल्या कुठल्याही थांब्यावर कुणी चढलेलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. तेवढ्यात मागच्या बाकावरची म्हातारी पुढे येऊन म्हणते,

बस. स्वल्पविराम, आणि पान संपलं!

"आबा, नेक्स्ट पेज कुठंय?" केसांत पेंढा अडकलेली ती पोर मला विचारत होती आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, चल, शोधू.

पुढचं पान असलंच तर त्याच व्यापाऱ्याच्या दुसऱ्या पेटीत असणार, हा माझा तर्क. आम्ही पुन्हा मार्केट यार्डात. गाळ्यावर साईनाथ म्हणून तरणा गडी बसतो, मांजरी गावाकडचा. मी एक पेटी उघडायला लावली, पेंढा बाजूला केला, कागद पाहिला आणि म्हटलं, ही नको. दुसरी उघडली, ही पण नको. तो म्हणाला, "काका, आंबा झ्याक हाय की! तुमी खाली काय बघताय?" मी म्हटलं, म्हातारी बघतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग संस्कृतीकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली.

एका पेटीच्या कोपऱ्यात तसाच पिवळा कागद दिसला, म्हणून ती घेतली. घरी येऊन पाहतो तर लोणच्याची कृती. संस्कृतीने तीही वाचली, न जाणो म्हातारी तिथे असली तर! पुढच्या पेटीत जाहीर नोटीस निघाली. "आबा, तमाम लोकांस म्हणजे कोण?" म्हटलं, आपणच. त्यापुढच्या पेटीत वधू-वर सूचक. त्यातला एक शेतीवाला मुलगा तिने निकिताच्या मैत्रिणीसाठी पसंतही केला. बोट ठेवून वाचणारी पोर आता बोट न ठेवता वाचते, पण घरात सकाळी आमरस, संध्याकाळी आमरस, मधल्या वेळेला साठं. रसाचं पातेलं घेऊन आम्ही खाली उतरलो की मथुराबाई आतून कडी लावतात. काल सुशीलेने शांतपणे विचारलं, "अहो, आपण आंबे खायला आणता की वाचायला?"

तेव्हा ताई, विनंती एवढीच. लहानपणी घरात येणारं प्रत्येक मासिक तू माझ्या हातून ओढून आधी वाचायचीस. ही एसटीची गोष्ट आठवते का? आठवत असेल तर म्हातारी काय म्हणाली ते लगोलग कळव. आठवत नसेल तर शेवट तू रच. मी तो जुन्या दिसणाऱ्या कागदावर छापून, चुरगाळून, पेंढ्यात घालून ठेवतो. एवढी लबाडी देव पोटात घालील.

सर्वांस यथायोग्य. गुडघ्यांना जपावे, दोन्ही.

तुझा,
गोपाळकृष्ण

ता. क. शेवट रचू नकोस. पाकीट चिकटवण्याआधी संस्कृती पाठकोरे कागद घेऊन आली. पान सापडत नाही म्हणून तिने गोष्ट स्वतःच पुरी केली आहे, मराठीत. र्‍हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण वाचताना सुशीला दोनदा डोळे पुसायला आत गेली आणि मी कांद्याला दोष दिला. कांदा घरात नव्हता.

दुसरा ता. क. कागद सोबत आहेत. शेवट मी सांगणार नाही. वाचून खाली पाच ओळींत सारांश लिहायचा आहे. "कागद गुळगुळीत आहे" चालणार नाही, असं तिने बजावलं आहे. ती रोज जिन्यात जाऊन टपालाची पेटी उघडून बघणार आहे, तेव्हा उशीर करू नकोस. आणि उत्तर मला नको, पाकिटावर नाव तिचं घाल. तिचं वाचून झालं की मी मागून घेईन.

तिसरा ता. क. म्हातारी कराडला उतरते. तिचं नाव यमुना आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखतात. मी पोरीला काहीही सांगितलेलं नाही.