सहा आकडे

कारंजा लाड,
मंगळवार

प्रिय संघदीप,

सकाळपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन ठेवून दिला. फोनवर तू सरळ विचारशील आणि माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी भलतंच निघेल, म्हणून लिहितोय. बाबा आता काठी घेऊन बाहेरच्या ओट्यापर्यंत जातात. बोलणं अजून जड आहे, पण तुझी चौकशी करतात, आणि मी तू बरा आहेस म्हणून सांगतो.

त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडायला निघालो होतो. कारंज्यात बसून दवाखान्यांचे रिपोर्ट कोणी सांभाळू शकेल, हे साहेबांना पटत नव्हतं. ऑफिसचं नेटवर्क तुझ्याकडे होतं, तू शब्द टाकलास. सुट्टी काढून आमच्याकडे आलास, माझ्या लॅपटॉपवर सगळं बसवलंस आणि समजावलंस की घरापासून ऑफिसपर्यंत हा एक बंद रस्ता आहे, त्यात फक्त आपली माणसं जातात. पासवर्ड आणि फोनवर येणारे सहा आकडे, दोन्ही कुणालाही सांगायचे नाहीत. अगदी मी मागितले तरी नाही, असं तू बजावलं होतंस.

त्या सोमवारी नेट सारखं तुटत होतं. बाबांना व्यायामासाठी न्यायची वेळ झाली होती आणि एका दवाखान्याचे रिपोर्ट चढवायचे राहिले होते. तेवढ्यात फोन आला. माणूस फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, संघदीप सरांनी सांगितलंय, तुमचं कनेक्शन नीट करून देतो. मी त्याने पाठवलेल्या पानावर पासवर्ड टाकला आणि सहा आकडे वाचून दाखवले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. दुपारपर्यंत अकरा दवाखान्यांचे रिपोर्ट उघडेनासे झाले. दोन दिवस ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली.

संध्याकाळी तू विचारलंस, कोणाला कोड सांगितलास का? मी नाही म्हणालो. तू पुन्हा विचारलंही नाहीस. बैठकीत साहेबांनी तुझा अहवाल सगळ्यांसमोर वाचला. त्यात होतं, ‘मयंकची खात्री मी देतो, दोष माझ्या मांडणीत असावा.’ त्याच वाक्यावर त्यांनी तुला घरी बसवलं. माझा कॅमेरा बंद होता. माईक चालू करून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही मी बोललो नाही. त्यानंतर तीन आठवडे मी रोज त्याच रस्त्यानं कामावर जात राहिलो.

परवा तुझ्या आई घरी आल्या. बाबांजवळ बसल्या, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मयंक, तू तं त्याच्यासंगच काम करतं. माह्या पोरानं कोणाले घुसू देल्लं असन काय रे?” मी म्हणालो, नाही काकू. तेवढं एक खरं बोललो, पण पुढचं सांगायला जीभ उचलली नाही. त्या बिचाऱ्या मलाच धीर देऊन गेल्या.

काल मी ऑफिसला सगळं लिहून पाठवलं, त्या फोनच्या नंबरासकट. आज सकाळी माझा रस्ता बंद झालेला होता. तुला परत बोलावणार असल्याचं साहेब म्हणाले. मग काकूंकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. उद्याच्या बसने त्या पुण्याला तुझ्याकडे येताहेत, म्हणून एक पत्र न्याल का विचारलं, तर माझ्याकडे न बघता ‘आणून दे’ म्हणाल्या.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. माझी नोकरी वाचवायला तू आता कुणाकडे शब्द टाकू नकोस, एवढंच सांगायचं होतं. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि दुसरं असं की मी कंपनीशी खोटं बोललो, ते त्यांच्या कागदावर येईल. तू विश्वासानं विचारलंस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो, ते कुठल्याच कागदावर येणार नाही. म्हणून ते माझ्या हातानं लिहून देतोय.

तू म्हणशील तर तुझाच,
मयंक